अहो, तंबोरे दोन आहेत!

दोन तंबोरे आहेत! एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला, आणि दोघांची छेड एकाच वेळी पडत नाही. डावीकडचा पंचम वाजवून जोडावर येतो तोवर उजवीकडचा खर्जावर पोहोचलेला असतो, आणि मग दोघांचं मिळून मधोमध असं काही गुंजायला लागतं की गवयाने तोंड उघडण्याआधीच आपण गार. ही मैफल मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. कॅसेटवर ऐकली, सीडीवर ऐकली, पोळ्या लाटताना मोबाइलवर ऐकली, ऑफिसच्या बसमध्ये ऐकली. एवढ्या वर्षांत तंबोरा म्हणजे मागे चाललेलं एक 'ऊंऽ', इतकीच आमची ओळख. आणि परवा रात्री नेरुळच्या आमच्या घरात, मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेल्या त्याच जुन्या कॉम्प्युटरवर तार सुटल्याचा आवाज आला. नुसता सूर नव्हे, बोट तारेवरून निसटल्याचा आवाज! मी ओरडलेच, "अहो, तंबोरे दोन आहेत!" आतून नवरा म्हणाला, "बरं. गॅस बंद केलास का?"

तेव्हापासून मी लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, ठाण्याच्या लोकलमध्ये, भेटेल त्याला धरून हेच सांगतेय. ऑफिसमध्ये लोक मला टाळायला लागलेत. टाळोत. मला सगळ्यात नवल याचं वाटतं की यातलं निम्म्याहून जास्त फुकटात झालं. मी आधी काही विकत घेतलं नाही. जे घरात होतं तेच, फक्त मधली धूळ झटकली.

याचं सगळं श्रेय भाच्याला. तो ऐरोलीला राहतो, इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, आणि आमच्याकडे येतो तो मुख्यतः जेवायला. मी मीटिंगसाठी घेतलेला साधा हेडफोन लावून गाणं ऐकत होते आणि नेहमीप्रमाणे मागे बारीक खरखर चालू होती. माउस हलवला की तिचा सूर बदलायचा, पान वर-खाली केलं की 'चिर्र' व्हायचं. हेडफोन स्वस्तातला, चालायचंच, असं मी कधीच धरून बसले होते. त्याने माझा हेडफोन काढून कानाला लावला, तोंड वाकडं केलं आणि सरळ टेबलाखाली शिरला. "आत्या, पिन पुढे का लावलीयेस?" मागून पिन घातल्याचा खट्ट आवाज आला, आणि खरखर गेली. कमी झाली नाही, गेली! पन्नास पैसेही न खर्चता.

मग त्याने सांगितलं ते असं. सीपीयूच्या पुढच्या बाजूचा जॅक आपल्या सोयीसाठी दिलेला असतो. आतून तो मदरबोर्डला एका लांबलचक बारीक वायरने जोडलेला असतो, आणि ती वायर पंखे, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय यांच्या शेजारून जाते. आवाजाचा सिग्नल तोवर आकड्यांतून बाहेर पडून नाजूक विद्युतलहरी झालेला असतो. पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून पांढरी साडी नेसून चालत जावं, तसा तो वाटेतला सगळा गोंगाट अंगावर घेऊन आपल्या कानापर्यंत येतो. माउस हलला की प्रोसेसर जागा होतो, तो खात असलेली वीज कमी-जास्त होते, आणि तेच आपल्याला 'चिर्र' म्हणून ऐकू येतं. मागचा हिरवा जॅक थेट मदरबोर्डवरच असतो. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये इतका फरक पडेल असं नाही, चांगल्या बांधणीच्या डब्यात पुढचा जॅकही स्वच्छ असतो. पण करून बघायला काय जातंय?

लॅपटॉपवाल्यांचं दुखणं वेगळं. दोन पिनांचा चार्जर लावला की लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटतं ना? तीच गळकी वीज कधीकधी हेडफोनमध्ये 'घूं' करत बसते. चार्जर काढून बघायचा. घूं थांबली तर दोष हेडफोनचा नाही, अर्थिंगचा. आमच्या वहिनीने याच घूंपायी दोन हेडफोन बदलले होते.

पिन मागे गेल्यावर भाचा टेबलाखालून बाहेर आला तो सेटिंगमध्ये घुसला. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' नावाचं एक बटण आहे. नाव सुधारणेचं, काम बहुतेक वेळा उलट. बास फुगवतं, आवाज दाबून सपाट करतं, खोटा घुमारा घालतं. आमच्याकडे मुलाने कधीतरी गेम खेळताना सगळं चालू करून ठेवलेलं होतं. रिअलटेकच्या जुन्या पॅनेलमध्ये तर 'वातावरण' निवडायची सोय होती, आणि त्या यादीत बाथरूम, दगडी बोळ आणि चक्क गटाराचा पाइप असे पर्याय होते! भूप ऐकायला गटाराचा पाइप कोणी निवडला असेल? सगळं बंद केलं. गवई एकदम पुढे येऊन बसला.

आणि ब्लूटूथ! हे तर घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगायला हवं. ब्लूटूथ हेडफोनवर छान गाणं चाललेलं असतं, मीटिंग सुरू होते, आणि गाण्याचा पार चोथा होतो. मीटिंग संपली तरी ती खिडकी मागे उघडी असेल तर चोथा कायम. कारण असं की नेहमीच्या ब्लूटूथला चांगला स्टीरिओ आवाज आणि माइक दोन्ही एकदम झेपत नाहीत. माइक चालू झाला की ते टेलिफोनच्या पद्धतीवर जातं, दोन कानांचा आवाज एकच होतो आणि वरचे सूर कापले जातात. उपाय सोपा: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून हेडफोनचा न घेता वेबकॅमचा किंवा लॅपटॉपचा घ्यायचा. आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांना हे मी शिकवलं. ते मला का टाळतात कोण जाणे.

इथपर्यंत सगळं फुकट. पण आता खाज सुटली होती.

माझ्याकडची गाणी म्हणजे भावाने २००४ च्या सुमारास कुठून कुठून जमवून दिलेल्या एमपीथ्री, बहुतेक १२८ केबीपीएसच्या. त्या काळी हार्ड डिस्क लहान आणि इंटरनेट गोगलगायीचं, त्यामुळे गाणं पिळून लहान करणं भाग होतं. पिळायचं म्हणजे कानाला कळणार नाही असं जे वाटेल ते फेकून द्यायचं. हिशेब मांडून बघा: सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटांची, दोन कानांच्या दोन वेगळ्या. गुणाकार केला की १,४११ केबीपीएस. त्यातले १२८ उरले! अकराव्या हिश्श्याहूनही कमी. तरी बरंचसं गाणं तगून राहतं याचंच खरं तर कौतुक करायला हवं. एकट्या गळ्याला, पेटीला फारसा धक्का लागत नाही. पण टाळ! अभंगातले टाळ ऐका. सीडीवर प्रत्येक टाळाचा आघात वेगळा, त्यामागून सुटणारी धातूची रेघ वेगळी. जुन्या एमपीथ्रीत सगळी किणकिण विरघळून नुसतं 'श्श्श' उरतं. टाळ्यांच्या कडकडाटाचंही तेच. पंडित भीमसेन जोशींची 'अभंगवाणी' मी वर्षानुवर्षं त्या 'श्श्श'सकट ऐकली आणि मला ते टाळच वाटत होते.

मग आठवल्या बाबांच्या सीडी. बाबा फोर्टात नोकरीला होते, आणि पगार झाला की त्यांची पावलं काळा घोड्याच्या रिदम हाउसकडे वळायची. मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेलेय. तिथे ऐकण्यासाठी छोट्या काचेच्या खोल्या होत्या, आत हेडफोन लावून रेकॉर्ड विकत घेण्याआधी ऐकता यायची. माझ्या आयुष्यातला पहिला हेडफोन तोच, कानांपेक्षा मोठा आणि जड. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. पण बाबांच्या सीडी ठाण्याच्या घरी माळ्यावर खोक्यात तशाच होत्या, आणि आजच्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

यूएसबीला जोडायचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो, फार महाग नाही. त्यावर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. ते ओरखडा आला की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि जगभरातल्या लोकांनी त्याच सीडीच्या केलेल्या नकलांशी आपली नक्कल ताडून बघतं, म्हणजे बिट न् बिट बरोबर उतरलाय की नाही ते कळतं. साठवायचं फ्लॅक स्वरूपात. ही घडी अशी घालतात की उलगडल्यावर मूळ जसंच्या तसं मिळतं, आणि जागा साधारण निम्मी लागते. एका तासाच्या सीडीला तीन-साडेतीनशे एमबी. आजच्या हार्ड डिस्कला ते कळतही नाही. ज्यांच्याकडे सीडी नाहीत त्यांनी हळहळू नये. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून वेगळे पैसे न घेता सीडीच्या दर्जाचा आवाज द्यायला सुरुवात केली आहे. फक्त सेटिंगमध्ये जाऊन 'लॉसलेस' चालू करावं लागतं.

४४,१०० हा आकडा कुठून आला हेही मला आता माहीत झालंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. कुठल्याही लहरीची नीट नोंद करायची तर तिच्या वारंवारतेच्या किमान दुप्पट वेगाने नोंदी घ्याव्या लागतात. तरुण कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. दुप्पट चाळीस हजार, वर थोडी जागा. नेमका ४४,१००च का, तर सीडी आली १९८२ मध्ये, आणि त्याआधी डिजिटल आवाज व्हिडिओच्या टेपवर साठवत, त्या टेपच्या रेघांच्या हिशेबात हा आकडा बसत होता. आम्ही घरी वेगवेगळ्या वारंवारतांचे सूर वाजवून बघितले. १६,००० च्या वर गेल्यावर मुलगा कानांवर हात ठेवून ओरडायला लागला आणि मी शांतपणे विचारलं, "चालू केलंस का?" त्यामुळे १९२ किलोहर्ट्झच्या 'हाय-रेझ' फायलींचे जादा पैसे माझ्याकडून कोणाला मिळायचे नाहीत. ते सूर वटवाघळांना लखलाभ.

तर आता खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड. हार्बरने कुर्ला, तिथून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि स्टेशनबाहेर पडलं की इलेक्ट्रॉनिक्सचा समुद्र. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण मुंबईत त्या नावाने कोणी पत्ता सांगत नाही. भाच्याचं म्हणणं, एक बाहेरचा डॅक घेऊन बघू. डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारी चिप. ती प्रत्येक मोबाइलमध्ये, प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतेच. बाहेरच्या डॅकचा फायदा एवढाच की हे रूपांतर सीपीयूच्या गोंगाटाबाहेर होतं, वायरमधून बाहेर येतात ते नुसते आकडे, आणि आकड्यांना खरखर चिकटत नाही. एका दुकानात गृहस्थांनी चाळीस हजारांचं यंत्र दाखवलं, आणि त्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली यूएसबी वायर, तीन हजारांची. "मॅडम, बास खुलतो." भाचा म्हणाला, "काका, वायरीतून शून्य आणि एक जातात, ते कसे खुलणार?" गृहस्थांनी शांतपणे वायर परत डब्यात ठेवली आणि त्यालाच विचारलं, "कॉलेज कुठलं?"

आम्ही घेतला अ‍ॅपलचा डोंगल, मोबाइलला हेडफोनची पिन लावायला असतो तो, हजाराच्या आतबाहेर मिळणारा. बोटभर वायर, एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्या टोकाला पिनेची जागा. त्या इवल्याशा टोकात डॅकही आहे आणि हेडफोन चालवणारा छोटा अ‍ॅम्पही. आवाजाची यंत्रं मोजणारे लोक त्याच्या मोजमापांवर खूश आहेत, आणि कित्येक पट महाग यंत्रांपुढे तो मान खाली घालत नाही. कॉम्प्युटरला यूएसबी-सीची जागा नसेल तर शंभर-दोनशे रुपयांचा जोड लागतो. विंडोजला जोडला की काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आपोआप ओळखला जातो.

घरी आल्यावर भाच्याने माझी परीक्षा घेतली. डोळे बंद, दोन्हीकडचा आवाज एका पातळीवर आणलेला, कारण जरा मोठं वाजलेलं माणसाला नेहमीच चांगलं वाटतं आणि दुकानदार त्याच्यावरच पोट भरतात. पुढचा जॅक मी दर वेळी ओळखला. १२८ ची एमपीथ्री टाळांवर ओळखली. पण मागचा हिरवा जॅक आणि डोंगल? मला नाही ओळखता आले. अंदाजपंचे सांगत होते आणि निम्मे बरोबर, निम्मे चूक. म्हणून माझं मत सांगते: मागचा जॅक स्वच्छ असेल तर डॅकवर पैसे उधळू नका. खरखर असेल, किंवा लॅपटॉप असेल, किंवा पुढे जाऊन जरा ताकद मागणारा हेडफोन घ्यायचा असेल, तर हजाराचा डोंगल घ्या आणि तिथेच थांबा. सगळे पैसे कानावर बसणाऱ्या वस्तूसाठी राखून ठेवा.

कारण त्यानंतर हेडफोन आला. बोनसमधून सेनहायझरचा एचडी ५६०एस घेतला, आणि इथून पुढे मला सभ्य भाषेत लिहिणं जड जातंय.

हा उघड्या पाठीचा हेडफोन. आपले नेहमीचे हेडफोन मागून बंद असतात. याच्या मागे जाळी आहे, त्यातून हवा आणि आवाज दोन्ही आरपार जातात. ही कल्पना जुनी, याच कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ नावाने पहिल्यांदा बाजारात आणली. बंद हेडफोनमध्ये गाणं डोक्याच्या आत कोंबल्यासारखं वाटतं. इथे ते डोक्याबाहेर जाऊन बसतं. तबला उजवीकडे थोडा मागे, पेटी डावीकडे, गवई मध्ये, आणि त्याच्या मागे तंबोऱ्यांची ती दुहेरी भिंत. तोटाही आहे. कुकरच्या शिट्ट्या, डोक्यावरचा पंखा, सोसायटीच्या गेटवरचे हॉर्न सगळं ऐकू येतं, आणि माझं गाणं शेजारी बसलेल्याला ऐकू जातं. लोकलमध्ये हा लावून बसलात तर समोरच्या बाई उठवतील. पण रात्री अकरानंतर, पंखा एकवर करून? अहाहा.

जवारी म्हणजे काय ते मला त्या रात्री कानाने कळलं. मिरजेत तंबोरे करणारे कारागीर घोडीचा माथा इतका बारीक घासतात की तार तिला जेमतेम चाटून जावी, मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवून जागा शोधतात. जागा सापडली की एकाच तारेतून सुरांची अख्खी माळ सुटते. या कलेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी बातमी वाचून पान उलटलं होतं. आता ती माळ मला ऐकू येते! तार छेडल्यावर आधी खालचा सूर, मग त्याच्यातून वरचे एकेक सूर उमलत चढतात आणि एक बारीक चकचकीत रेघ हवेत राहते. कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्यावर केवढा वेळ घालवत याच्या कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. मलाही तो कलावंताचा लहरीपणा वाटायचा. आता त्यांच्या मैफलीत पहिलं मिनिटभर गाणं सुरूच होऊ नये असं वाटतं.

हेडफोनला एक सवय असते, ती सांगायला हवी. प्रत्येक मॉडेलचा आवाज कुठे ना कुठे वाकडा असतो. उघड्या पाठीचे बहुतेक हेडफोन अगदी खालच्या सुरांत हात आखडता घेतात, त्यामुळे डग्ग्याची घुमक हवी तेवढी भरत नव्हती. त्यावर इलाज 'इक्वलायझर एपीओ', हेही मोफत. अमेरिकेत हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या तोलाचा आवाज ऐकवून बहुतेकांना कोणता आवडतो ते शोधलं. फिनलंडच्या याको पासानेन यांनी 'ऑटो-ईक्यू' नावाचा प्रकल्प करून हजारो हेडफोनांसाठी त्या तोलापर्यंत नेणारे आकडे तयार करून ठेवलेत. आपण आपलं मॉडेल शोधायचं, आकड्यांची फाइल उतरवायची आणि घालायची. झालं. एकच पथ्य: खालचे सूर जितके उचलले तितका एकूण आवाज आधी उतरवून घ्यायचा, त्याला 'प्रीअ‍ॅम्प' म्हणतात आणि तो आकडा उणे असतो. डिजिटल आवाजाला पक्कं छत आहे. छताला डोकं लागलं की लहरीचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो.

जाणकार मंडळी म्हणतात की विंडोजचा मिक्सर टाळून 'एक्सक्लुसिव्ह' पद्धतीने गाणं थेट डॅककडे पाठवा. फूबार नावाच्या प्लेअरमध्ये तशी सोय आहे आणि मी ती करून बघितली. पण त्या वाटेने गेलं की हा इक्वलायझरही टळतो. मला मिक्सर टळल्याचा फरक कळला नाही, डग्गा भरल्याचा मात्र लगेच कळला. म्हणून एक्सक्लुसिव्ह बंद, विंडोजमध्ये ४४,१०० निवडून ठेवलं, आणि इक्वलायझर चालू. शुद्धतावाद्यांनी रागावू नये. डग्गा डग्ग्यासारखा वाजायला हवा हीही शुद्धताच.

मग काय, हाताला लागेल ते ऐकत सुटले. 'सैराट'! अजय-अतुल यांनी त्यातलं वाद्यवृंदाचं मुद्रण हॉलिवूडला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर केलं होतं. २०१६ मध्ये थिएटरात आपण सगळे शिट्ट्या मारण्यात दंग होतो. आता 'याड लागलं' लावून डोळे मिटा आणि व्हायोलिनांच्या रांगा कुठून कुठवर पसरल्यात ते मोजा. अख्खं दालन ऐकू येतं, त्या दालनाची उंचीसुद्धा! जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले येऊन गेलं, तेव्हा आमच्या खिडकीच्या काचा फुकटात थरथरल्या होत्या, पण घरी आला तो फक्त बास. मुलाने तीच गाणी मला हेडफोनवर ऐकवली. बरी आहेत. पियानो छान आहे.

सगळंच खुलतं असं नाही, हेही सांगते. गदिमा आणि बाबूजींचं 'गीतरामायण' १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, छप्पन्न गीतं, सगळं एककर्णी. हेडफोनवर ते डोक्याच्या बरोबर मधोमध एका ठिपक्यात येऊन बसतं, डावं-उजवं काही नाही. पहिल्यांदा विचित्र वाटतं, मग शब्द इतके जवळून येतात की डावं-उजवं आठवतही नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांच्या मिरजेचे तंबोरे मला त्यांच्याच तबकड्यांत ऐकायचे होते. नाही ऐकू येत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, वरचे सूर त्या काळच्या यंत्रात उतरलेच नाहीत, आणि जे उतरलं नाही ते कुठलाही डॅक परत आणू शकत नाही. पण खरखर साफ करतो म्हणून कोणी त्या मुद्रणांना जास्त घासतं, तेव्हा खरखरीबरोबर गळ्याची धारही जाते. मला खरखरीसकट खाँसाहेब हवेत. कान थोड्या वेळाने खरखर बाजूला ठेवतो, धार मात्र मनाने भरता येत नाही.

आवाज किती मोठा ठेवायचा हा प्रश्न आईने विचारला, आयांनी विचारायचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी की सरासरी ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, त्याहून मोठा तर वेळ झपाट्याने कमी. माझा अनुभव, चांगल्या हेडफोनवर आवाज आपोआप लहान ठेवला जातो, कारण बारकावे ऐकायला तो चढवावा लागत नाही. लोकलमध्ये ते साध्या इअरफोनने चाकांच्या खडखडाटावर मात करायची धडपड, तीच कानांचा घात करते.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा लिफ्टमध्ये सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याही कॉम्प्युटरला खरखर येते गं." त्यांच्या यजमानांनी सीपीयू भिंतीला इतका चिकटवून ठेवलाय की मागे हात शिरत नाही, त्यामुळे टेबलच सरकवावं लागणार. आज संध्याकाळी भाचा येतोय, जेवायला थालीपीठ कबूल केलंय. काकूंकडे माणिक वर्मांच्या सीडी आहेत, बऱ्याच, असं बोलता बोलता कळलं. टेबल सरकवून देऊ, पिन मागे लावून देऊ, एन्हान्समेंट्स बंद करून देऊ. सीडी मात्र मला उतरवून घ्यायला द्यायच्या, हे मी आधीच ठरवून घेतलंय.